उथळ पाण्यात फ्लॅटहेडसाठी ट्रोलिंगचे लूर सुचवा (लेक मॅक्वारी, न्यू साउथ वेल्स)

कर्लीकाठ
नमस्कार मंडळी. न्यूकॅसलला येऊन दोन वर्षं झाली. लहानपण कर्लीच्या खाडीकाठी गेलं. तंगुसाला गळ बांधायचा, कोळंबी लावायची आणि मुडदुशा धरायच्या, एवढंच माझं शिक्षण.

इथे ३.७ मीटरची जुनी ॲल्युमिनियमची होडी घेतली आहे. दर शनिवारी पहाटे नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन तळ्यावर जातो. एका जागी गळ टाकून बसायचा तिला कंटाळा येतो, म्हणून ट्रोलिंग, म्हणजे होडी हळू चालवत मागे लूर (गळ लावलेला नकली मासा) ओढायला सुरुवात केली. तीन शनिवार झाले, एकही फ्लॅटहेड (चपट्या डोक्याचा मासा) नाही. लूर एक तर वरच्या वर पोहत येतो, नाहीतर पाणगवत घेऊन येतो. पाणी १ ते २.५ मीटर खोल. तीन-चार लूर घेईन म्हणतो. कुठले, केवढे आणि कोणत्या रंगाचे घ्यावेत? लेकीला एकदा तरी तिचा स्वतःचा मासा मिळावा, एवढीच इच्छा आहे.

बोयवाला
कर्लीकाठ, मी क्वीन्सलंडमध्ये, गोल्ड कोस्टच्या ब्रॉडवॉटर खाडीत आणि वर जंपिनपिनच्या बाजूला बरीच वर्षं हेच करतोय. रंगाचं नंतर पाहू. तुमचा लूर तळाला लागत नाहीये, अडचण तिथे आहे.

फ्लॅटहेड वाळूत अंग पुरून पडून राहतो, फक्त डोळे वर. कोळंबी, छोटी बोय, मुडदुशीची इथली भावंडं (व्हायटिंग) डोक्यावरून गेली की झडप घालतो. पण त्यासाठी फार वर उठत नाही. लूरची पुढची जीभ वाळूत ठोकरली पाहिजे. वाळूचा छोटा धुरळा उठला की मासा तिकडे वळतो. म्हणून २ मीटर पाण्यात २.५ ते ३ मीटर बुडणारा लूर लावा आणि १ मीटरच्या पट्ट्यात दीड मीटरवाला. पाकिटावर खोली छापलेली असते, पण ती दोरी किती सोडली आणि किती जाड आहे यावर बदलते. बारीक ब्रेडेड (विणलेल्या) दोरीने तोच लूर जास्त खोल जातो.

लांबी ६ ते ८ सेंटिमीटर. हॅल्कोचा ६८ मिलिमीटरचा स्कॉर्पियन कमी आणि जास्त खोलीचा, असा दोन्ही प्रकारांत मिळतो, दोन्ही घ्या. तिसरा लाइव्हली लूर्सचा मॅड मुलेट. ही जुनी, पारखलेली नावं आहेत. एक गोष्ट दुकानात नक्की विचारा: लूर ओढणं थांबलं की तरंगणारा हवा. कुठे अडकला तर दोरी ढिली सोडायची, तो आपोआप मागे सरकून सुटतो. न तरंगणारा लूर मात्र तिथेच राहतो आणि वीसेक डॉलर गेले.

२० ते २५ मीटर दोरी सोडा. वेग आपण रमतगमत चालतो तेवढाच. रॉडचं टोक सतत थडथडत राहिलं पाहिजे. थडथड थांबली की लूरला गवत लागलं असं समजा आणि लगेच ओढून साफ करा. रॉड लेकीच्या हातात द्या, टोक बघायचं काम तिचं. कंटाळा येणार नाही.

रंग: गढूळ पाण्यात सोनेरी-नारिंगी किंवा गुलाबी, नितळ पाण्यात बोयसारखा रुपेरी-हिरवा.

वेळूची_काठी
बोयवाला दादांनी लूरचं नीट सांगितलं आहे. फक्त त्यांच्या ब्रॉडवॉटरचं गणित इथे तसंच चालत नाही. तिथे सुकती (ओहोटी) लागली की वाळूच्या बांधांच्या कडेने मासा मिळतो. लेक मॅक्वारीचं समुद्राकडचं तोंड म्हणजे स्वान्सीचा अरुंद चॅनल, त्यामुळे आत तळ्यात पाणी जेमतेम काही सेंटिमीटर चढतं-उतरतं. सुकतीची वेळ साधायची असेल तर स्वान्सीच्या बाजूला, चॅनल तळ्यात उतरतो तिथे जा. त्या जागेला सगळे ड्रॉपओव्हर म्हणतात. तिथे वाळू उथळ पाण्यातून एकदम खाली उतरते. बाकी तळ्यात पाणगवत संपून वाळू सुरू होते ती कड धरा. गवतावरून लूर नेऊ नका, कडेला समांतर न्या. होडीची एक फेरी २ मीटर खोलीवर, परतीची ३ मीटर खोलीवर.

२००२ साली इथली व्यावसायिक जाळी बंद झाली, तळं हौशी मासेमारीसाठी राखलं गेलं. मासा आहे, ही खात्री बाळगा.

आता नियम, कारण मुलगी सोबत असते. डस्की जातीचा फ्लॅटहेड ३६ ते ७० सेंटिमीटरमधलाच ठेवायचा, माणशी पाच. क्वीन्सलंडला ४० ते ७५ आहे, गल्लत करू नका. सत्तरच्या वरच्या जवळजवळ सगळ्या माद्या असतात, पुढची पिढी त्यांच्याच पोटात. तुम्हाला मासेमारीची फी भरावी लागेल, अठरा वर्षांखालच्यांना माफ आहे. आणि एवढ्या होडीत बारा वर्षांखालच्या मुलांनी लाइफ जॅकेट सतत घालायचंच.

एक कळकळीची विनंती. लूरवरचे तीन तोंडांचे गळ काढून एकेरी गळ लावा. फ्लॅटहेडच्या गालफडावर काटे असतात आणि मासा होडीत आला की डोकं जोरात आपटतो. काटा आणि सुटा गळ, दोन्ही एकाच वेळी पोराच्या हातात घुसतात. माझ्या भाच्याच्या तळहाताला टाके पडले आहेत. रबरी जाळी वापरा, ओल्या फडक्याने धरा.

बोयवाला
ताईंचं बरोबर आहे, भरती-सुकतीचं गणित माझ्याकडे वेगळं आहे. गळांच्या बाबतीतही त्यांचंच ऐका. एकेरी गळाने मासे थोडे सुटतात, पण सोडायचा मासा धड जातो. दोरीच्या टोकाला ६-७ किलो ताण सोसणाऱ्या फ्लुरोकार्बन दोरीचा मीटरभर तुकडा हवाच, फ्लॅटहेडचे दात कानशीसारखे असतात.

कर्लीकाठ
शनिवारी जाऊन आलो. दोन्ही स्कॉर्पियन घेतले, गळ बदलले. आधीच्या फेऱ्यांत मी २ मीटर पाण्यात मीटरभर बुडणारा लूर ओढत होतो, हे तुमच्यामुळे कळलं. यावेळी रॉडचं टोक थडथडताना लेक मोठ्याने मोजत होती. थांबलं की "गवत!" म्हणून ओरडायची. बाराएक वेळा गवतच निघालं. ड्रॉपओव्हरच्या कडेला सोनेरी लूरवर तिच्या रॉडला पहिला लागला, ४४ सेंटिमीटर. रात्री त्याचं तिखलं केलं, तिरफळं आईने पाठवलेली.

दुसरा परतीच्या फेरीत. पट्टीवर ७४. मी काही बोलायच्या आत तिनेच सांगितलं, "बाबा, ही आई आहे, सोड." जाळीतच गळ काढला आणि पाण्यात धरून ठेवली. थोड्या वेळाने शेपटी मारून गेली.

या शनिवारी १ मीटरच्या पट्ट्यात जायचं आहे. वेळूची_काठी ताई, वांगी पॉइंटच्या बाजूला गवताची कड कशी आहे?