मदत हवी आहे: कामोग्लीला बाबांना घेऊन जायचंय

नमस्कार मंडळी. मी मिलानला राहते, माहेर मालवणचं. पुढच्या मे महिन्यात बाबा येतायत. त्यांना इटलीतलं कामोग्ली दाखवायचंय, जेनोवाच्या पूर्वेला, रेल्वेवरचंच गाव.

गेल्या वर्षी मी तिथे जेमतेम दोन तास होते. बंदराला लागून उंच, केशरी-पिवळ्या इमारती. अर्ध्या खिडक्या खऱ्या, अर्ध्या भिंतीवर रंगवलेल्या, सावलीसकट! पण माझे पाय थबकले ते धक्क्यावर. तिथे तपकिरी जाळ्याचा ढीग होता. हात लावला तर काथ्या! अगदी आपल्या सुंभासारखा खरखरीत. तिथली 'तोन्नारेल्ला' ही मासेमारी शेकडो वर्षं चालत आलीय. एप्रिल ते सप्टेंबर पुंता क्याप्पा या जवळच्या भूशिरापाशी जाळं लावतात आणि होडीतून हाताने ओढतात. बाबांनी उभा जन्म रापण ओढली. त्यांना हे दिसलंच पाहिजे.

तर, जाळं ओढताना बाहेरच्यांना बघू देतात का? कोणाला विचारायचं? माझं इटालियन कामचलाऊ आहे.

बाबांचे गुडघे दुखतात. स्टेशनपासून बंदरापर्यंत पायऱ्या टाळून जाता येतं का? जवळच्या सान फ्रुत्तुओसोच्या मठाकडे गाडीरस्ताच नाही, बोटीने नाहीतर डोंगरवाटेने चालत जावं लागतं. बोटीत चढता-उतरताना कोणी हात देतं का?

आणि मेच्या दुसऱ्या रविवारी तिथे मासळीचा उत्सव असतो, भल्यामोठ्या कढईत मासे तळतात. गर्दी बाबांना झेपेल का, की तो आठवडा सोडूनच जावं? कोणी राहून आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.