क्रूझवर स्वतःची बाटली न्यायला बंदी: प्रवाशांच्या सुरक्षेसाठी की बारच्या गल्ल्यासाठी?

मंगळवारपेठकर (धागाकर्ता)

आमच्या कोल्हापुरातल्या भिशीतली जोडपी दिवाळीनंतर मुंबई-गोवा क्रूझला निघाली आहेत. पैसे भरून झाले आणि मग एजंटाने अटींचा कागद व्हॉट्सअॅपवर टाकला. बाहेरची दारू, मग ती बिअर असो, वाइन असो की व्हिस्की, जहाजावर चढवता येणार नाही. सामानात सापडली तर काढून घेणार. कारण दिलंय ‘प्रवाशांची सुरक्षा’. आणि पुढच्याच पानावर ड्रिंक्स पॅकेजची, म्हणजे एकदाच ठरावीक पैसे भरून बारमधली पेयं घ्यायच्या योजनेची, जाहिरात.

दारूची तरफदारी करायला हा धागा काढलेला नाही. राग आहे तो खरं कारण झाकण्याचा. परदेशी कंपन्यांचे नियम बघा. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन चढण्याच्या दिवशी प्रत्येक प्रौढाला ७५० मिलीची वाइनची किंवा शॅम्पेनची एक बाटली हातातल्या सामानातून नेऊ देतात. डिस्नेच्या जहाजांवर वाइनच्या दोन बाटल्या किंवा बिअरचे सहा कॅन चालतात. नॉर्वेजियनवर वाइन कितीही न्या, फक्त ७५० मिलीच्या बाटलीमागे १५ डॉलर मोजा. व्हायकिंग तर पैसेही मागत नाही. एमएससी मात्र साफ नाही म्हणते. समुद्र सगळ्यांना सारखाच. मग तीच बाटली एका जहाजावर धोक्याची आणि दुसऱ्यावर १५ डॉलर भरले की बिनधोक, हे कसं?

आता पैशाकडे बघा. २०२३ मध्ये कार्निव्हल समूहाचं उत्पन्न सुमारे २१.६ अब्ज डॉलर होतं. त्यातले सुमारे ७.५ अब्ज तिकिटांचे नव्हेत, तर बार, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट अशा जहाजावरच्या आणि इतर विक्रीतून आलेले. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त. एवढा आकडा समोर असताना सुरक्षेचं नाव पुढे करणं मला पटत नाही.

धंद्यासाठी बंदी आहे तर तसं सांगा. पैसे घेण्याआधी बारचं दरपत्रक हातात द्या. आणि माणशी एक वाइनची बाटली शुल्क लावून येऊ द्या. माझी मागणी एवढीच आहे.

परमिट रूमवाला, लक्ष्मीपुरी

भाऊ, तुमची मागणी ऐकायला सोपी वाटते. माझ्या टेबलावर मी बाहेरची बाटली उघडू देत नाही, आणि त्यात मला लाज वाटत नाही. परवान्याची फी दरवर्षी भरतो, वेटर आहेत, जागेचं भाडं आहे, वीज आहे. गिऱ्हाइकाने बाटली बाहेरून आणून माझ्याकडे नुसता सोडा आणि चकणा मागितला तर मी दुकान कशावर चालवू? जहाजाचं तर इंधन आहे, बंदराचे पैसे आहेत, शेकडो माणसांचा पगार आहे. तिकीट तुम्हाला स्वस्त पडतंय ते बारच्या जोरावर. बार काढून घ्या, मग तिकीट कितीला पडतं ते बघा.

आणि सुरक्षेचं कारण दिलं म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नका. कोणताही धंदेवाला ‘मला नफा हवाय’ असं पाटीवर लिहीत नाही.

मंगळवारपेठकर

अण्णा, तुमच्याकडे आलेला माणूस दर बघून बसतो. नाही परवडलं तर उठून दाभोळकर कॉर्नरला जातो. जहाज सुटल्यावर उठून कुठे जायचं? तुमच्यात आणि त्यांच्यात मला फरक दिसतो तो इथेच. गिऱ्हाईक अडकलेलं असतं, म्हणून दर आधी कळायला हवेत.

निवृत्त दर्यावर्दी

माझी सगळी नोकरी जहाजावर गेली. मालवाहू आणि प्रवासी, दोन्ही केली. धागाकर्त्याच्या पैशाच्या हिशेबाला माझी हरकत नाही, पण सुरक्षा हे निव्वळ निमित्त आहे असं कुणी म्हणू लागलं की गप्प बसवत नाही.

बारमध्ये मागवलेला प्रत्येक पेला प्रवाशाच्या कार्डावर चढतो. बारटेंडरला समोर माणूस दिसतो, किती झालं ते दिसतं, आणि पुढचा पेला नाकारायचा अधिकार त्याला असतो. केबिनमध्ये बंद दाराआड कुणी व्हिस्कीची बाटली संपवली तर कळायला वाटच नाही. कळतं ते बाल्कनीत गडबड झाल्यावर, नाहीतर जिन्यावर कुणी पडल्यावर. अमेरिकेने २०१० मध्ये क्रूझ सुरक्षेचा कायदा केला तेव्हा कठडे किमान ४२ इंच उंच हवेत असं त्यात घातलं. कठडा किती उंच हवा हे कायद्यात लिहावं लागतं, ते उगीच नाही. रात्री माणूस पाण्यात पडला तर एवढं मोठं जहाज जागच्या जागी थांबत नाही. वळवून त्याच रेषेवर परत आणायचं आणि लाटांत एक डोकं शोधायचं. जहाजावरचा दवाखाना छोटा असतो. मोठी शस्त्रक्रिया तिथे होत नाही, आणि हेलिकॉप्टर हवं तेव्हा हवं तिथे येत नाही.

आणखी एक बघा. तुम्ही दिलेल्या यादीत सूट आहे ती बहुतेक ठिकाणी वाइनला, फार तर बिअरला. कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन, डिस्ने, नॉर्वेजियन, कुणीच व्हिस्की किंवा रम चढवू देत नाही. जहाजावरच्याच ड्यूटी फ्री दुकानात घेतलेली व्हिस्कीसुद्धा सहसा शेवटच्या रात्री किंवा उतरताना हातात पडते. नुसता पैसाच बघायचा असता तर विकलेली बाटली अडकवून ठेवायचं काय कारण होतं?

मंगळवारपेठकर

काका, विकलेली बाटली लगेच दिली तर बारची विक्री बुडते. म्हणून अडकवतात, असंही म्हणता येईल. पण कडक दारू केबिनमध्ये नको, हे तुमचं म्हणणं मी घेतो. म्हणूनच मी पहिल्यापासून वाइनच्या एका बाटलीबद्दल बोलतोय.

मात्र एक सांगा. कार्निव्हलच्या पॅकेजमध्ये २४ तासांत १५ पेल्यांपर्यंत दारू मिळते. १५! माझी एक बाटली दोघांत मिळून पाच-सहा पेले होते. ज्या जहाजाला माणशी १५ पेले चालतात, त्याला माझ्या बाटलीची भीती कशी वाटावी?

निवृत्त दर्यावर्दी

१५ हा आकडा मलाही जास्तच वाटतो, आणि अशी पॅकेजं मला आवडत नाहीत. पण ते १५ मोजलेले असतात. सोळावा मागितला की मशीनच नाही म्हणतं. तुमची बाटली त्या हिशेबात येत नाही. प्रवासी दोन-अडीच हजार धरा आणि प्रत्येकाकडे न मोजलेलं काहीतरी आहे असं समजा, मग रात्री भोंगा वाजला तर लाइफबोटीपाशी किती जण धड उभे राहतील?

राजारामपुरी आठवी गल्ली

एवढा डोक्याला ताप कशाला करून घ्यायलाय दादा? माउथवॉशच्या बाटलीत व्होडका भरायची, खायचा हिरवा रंग टाकायचा, काम झालं. नाहीतर पाण्याच्या बाटलीत भरून बूच परत सील करायचं. लोक करत्यातच की. आपण पैसे मोजल्यात, चोरी न्हाई करायलोय.

निवृत्त दर्यावर्दी

बाळा, स्कॅनरवर बसणाऱ्या माणसाने तो हिरवा माउथवॉश हजारदा बघितलेला असतो. आणि असल्या युक्त्यांचा भुर्दंड बाकीच्यांना बसतो. पाण्याच्या बाटल्यांत दारू लपवायचं प्रमाण वाढलं म्हणून कार्निव्हलने २०१५ मध्ये प्रवाशांना बाटलीबंद पाणी आणि शीतपेयं आणायलाच मनाई केली. आता फक्त कॅन आणि खोकी चालतात, तीही मोजून. काहीही न लपवणाऱ्या साध्या प्रवाशांचंही बाटलीतलं पाणी त्यात बंद झालं. कुणी सांगितलं होतं त्यांच्या नावावर हे करायला?

राजारामपुरी आठवी गल्ली

पाण्याचं म्हाईत नव्हतं. बाकीच्यांचं पाणी बंद झालं असंल तर ते काय बरोबर न्हाई.

कागलच्या मॅडम

मी पीत नाही, आमच्या घरात कुणीच पीत नाही, म्हणून दुसरी बाजू मांडते. बंदी असलेलीच बरी. मागे सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजावर गेलो होतो. आमच्या मजल्यावर एका केबिनमध्ये रोज रात्री बैठक बसायची आणि कॉरिडॉरमध्ये आरडाओरडा. लेकीला घेऊन लिफ्टपर्यंत जायला नको वाटायचं. बारमध्ये बसणारे निदान बारमध्ये तरी असतात.

पण पॅकेजची एक गोष्ट मला खरोखर अन्यायाची वाटते, आणि तिच्यावर इथे कुणी बोललेलं नाही. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांत केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं की त्याच केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढानेही घ्यायचं, असा नियम आहे. एकाच्या कार्डावर दोघांनी पिऊ नये म्हणून. म्हणजे नवऱ्याला प्यायची असेल तर न पिणाऱ्या बायकोचेही पैसे भरा. विनंती केली तर काही वेळा सवलत मिळते, पण ती मागायची असते हे सांगतं कोण? भिशीतल्या किती वहिनी दारू पितात, मंगळवारपेठकर? तुमच्या एका बाटलीपेक्षा हा भुर्दंड मोठा आहे.

मंगळवारपेठकर

ताई, हा मुद्दा माझ्या मुद्द्यापेक्षा वजनदार आहे. आमच्यातल्या एकीही वहिनी घेत नाहीत. आमच्या जहाजावर हा नियम आहे का ते कागदात कुठेच लिहिलेलं नाही. विचारतो. बंदीबद्दल मात्र आपलं जमणार नाही. केबिनमधला दंगा दंग्यासाठी दंड लावून थांबवा. बारमधून पिऊन आलेला माणूसही कॉरिडॉरमध्ये ओरडतोच.

उजळाईवाडी

माझा वेगळा प्रश्न. मुंबईहून चढताना बाटली नको, ठीक. गोव्यात उतरल्यावर घेऊन परत चढलो तर? तिथे अर्ध्या किमतीत मिळते. परदेशी जहाजांवर म्हणे बंदरात घेतलेली बाटली जमा करून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात.

वकील, कसबा बावडा

कोल्हापुरात राहून हा प्रश्न? आंबोली आणि फोंडा घाटातून येणाऱ्या गाड्या राज्य उत्पादन शुल्कवाले का उघडून बघतात, ते आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. गोव्याची बाटली तिथला कर भरलेली असते. परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणली की महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा. घाटातून आणा की समुद्रातून, मुंबईत उतरलात म्हणजे महाराष्ट्रातच उतरलात. परदेशी बंदरातली बाटली परत देता येते, कारण तिथे कस्टमची ठरलेली मर्यादा असते. आपल्याकडे परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत सूट आहे. गोवा-मुंबईला ती लागू नाही. तेव्हा देशी जहाजाने गोव्याची बाटली जमा करून मुंबईत हातात दिली तर कंपनीच अडचणीत येईल. या बाबतीत बंदीचं कारण कायद्याचंच आहे.

मूळ मुद्द्यावरही बोलतो. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिनेमागृहांच्या बाबतीत निकाल दिला. जागा खासगी, बाहेरचे पदार्थ नाकारायचा हक्क मालकाला. पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायचं आणि तान्ह्या मुलांसाठी आणलेलं खाणं अडवायचं नाही. जहाजाची तुलना अगदी तंतोतंत नाही, तरी दिशा तीच. बाटली अडवली म्हणून तक्रार टिकणार नाही. अट पैसे घेतल्यावर दाखवली, ही तक्रार मात्र वेगळी आणि दमदार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. बुकिंगची पावती आणि एजंटाचा व्हॉट्सअॅप संदेश, दोन्हींच्या तारखा जपून ठेवा.

सहल नियोजक, शाहूपुरी

एजंटांच्या बाजूने लिहितो. अटींचा कागद कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, आम्ही दुवा पाठवतो, लोक उघडत नाहीत. फोनवर पहिला प्रश्न ‘केबिनला खिडकी आहे का’ आणि दुसरा ‘नॉनव्हेज कसं असतं’. तांबडा-पांढरा मिळेल का, असंही विचारतात! दारूचं विचारायला लोक बिचकतात, आणि बायका शेजारी असल्या की अजिबात विचारत नाहीत. मग बंदरावर सामान तपासताना बाटली निघते आणि रांगेत सगळ्यांसमोर शोभा होते.

मंगळवारपेठकर

साहेब, लोक बिचकतात हे तुम्हाला माहीत आहे, मग तुम्हीच आधी सांगायला हवं. आमच्या एजंटाने दुवाही पाठवला नव्हता. दहा ओळींचा मराठी संदेश पुरे: काय नेता येणार नाही, बारमध्ये साधारण किती पडेल, पॅकेज कुणाकुणाला घ्यावं लागेल. त्याने एकही बुकिंग तुटणार नाही.

सहल नियोजक, शाहूपुरी

मराठीतला संदेश करता येईल. पण बारचे दर कंपनी बदलते. आम्ही लिहून दिले आणि तिथे वाढले तर भांडण आमच्याशी.

परमिट रूमवाला, लक्ष्मीपुरी

‘अमुक तारखेचे दर’ असं लिहा की वर. माझ्या मेनूकार्डावर आहे तसं. आणि कर, सर्व्हिस चार्ज वेगळा असेल तर तोही लिहा. रॉयल कॅरिबियनमध्ये पेयांच्या दरावर १८ टक्के टिप आपोआप चढते. आमच्याकडे आलेल्या एका गिऱ्हाइकाने त्याचं बिल दाखवलं होतं. १४ डॉलरचं कॉकटेल साडेसोळाला पडलेलं.

निवृत्त दर्यावर्दी

दर आधी सांगण्याला माझा शंभर टक्के पाठिंबा. माणशी एक बाटली वाइन चालेल, पण ती जेवणाच्या हॉलमध्ये उघडायची, केबिनमध्ये नाही. शुल्क तिथेच लावा. वेटरला दिसलं म्हणजे मोजलं गेलं.

मंगळवारपेठकर

काका, हॉलमध्ये उघडायला माझी ना नाही. एजंटाला आत्ताच मेल टाकली. तीन गोष्टी लेखी मागितल्या आहेत: बारचं आजच्या तारखेचं करांसह दरपत्रक, एकाच केबिनमध्ये एकाने पॅकेज घेतलं तर दुसऱ्याला सक्ती आहे का, आणि वाइनची एक बाटली शुल्क भरून आणता येईल का. पैसे भरल्याची पावती आणि अटी पाठवल्याची तारीख सोबत जोडली आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो, आलं नाही तर वकीलसाहेबांना गाठतो.

कागलच्या मॅडम

चौथी गोष्ट राहिली. न पिणाऱ्यांसाठी सरबत, शहाळं, कॉफी यांचे दरही मागवा. साधं पाणी आणि चहा जेवणाबरोबर मिळतो, पण ताजा रस आणि मशीनच्या कॉफीचे पैसे बहुतेक जहाजांवर वेगळे पडतात. वहिनींना ते आधीच कळू दे.