मदत हवी आहे: सहा ऋतूंची सहा गाणी. बासरी गिटारशी जुळत नाही, हेमंत आणि शिशिर सारखेच वाटतात

नमस्कार मंडळी,

गेलं दीड वर्ष मी सहा ऋतूंवर सहा गाणी करते आहे. शब्द माझे, चाल माझी, गळा माझा आणि ध्वनिमुद्रणही घरातल्या एका खोलीत. एक कंडेन्सर माईक, एक ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉप आणि आवाज घुमू नये म्हणून दारावर टांगलेली जाड रजई, एवढाच सरंजाम. मागे कुठली कंपनी नाही, त्यामुळे चुकलं तर सांगणारंही कोणी नाही. म्हणून इथे विचारते आहे. वसंत सोडून बाकी पाच गाणी लिहून झाली आहेत, पण तीन ठिकाणी गाडं अडलं आहे.

पहिली आणि सगळ्यात मोठी अडचण ग्रीष्माच्या गाण्याची. त्यातली बासरी एका मित्राने भर वैशाखात वाजवली. पंख्याची घरघर माईकमध्ये येत होती म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. दोघेही घामाने निथळत होतो. गिटार तेव्हा नव्हतीच. क्लिक (तालाची टकटक) आणि माझा कच्चा आवाज ऐकत त्याने तीन टेक दिले. त्यातला दुसरा इतका सुंदर झाला आहे की गाण्याचा जीवच त्यात आहे. दुसऱ्या अंतऱ्याआधी तो एक स्वर धरतो आणि श्वास संपत येतो तसा तो स्वर किंचित थरथरतो. असा थरथराट ठरवून आणता येत नाही.

आता थंडीत मी गिटार वाजवायला बसले. ट्यूनरवर तारा अगदी काटेकोर लावल्या, तरी बासरी चढी लागते. थोडीथोडकी नाही, कानाला टोचेल इतकी. आधी वाटलं बासरीच बेसूर वाजली असेल, पण ती एकटी ऐकली तर आपल्या आपल्यात पूर्ण सुरात आहे. सॉफ्टवेअरमध्ये बासरी खाली उतरवून पाहिली. सूर जुळला, पण फुंकेचा आवाज जाड आणि खोटा झाला आणि तो थरथराटही गेला. मित्र आता दूर राहायला गेला आहे, पुन्हा वाजवून घेणं शक्य नाही. काय करू?

दुसरी अडचण हेमंत आणि शिशिर. दोन्ही गाणी मला वेगवेगळी प्रिय आहेत, पण लागोपाठ ऐकली की एकाच गाण्याची दोन कडवी वाटतात. हेमंतात गिटार बोटांनी छेडली आणि शिशिरात फक्त तानपुरा ठेवला, तरी फरक पडला नाही. दोन्हींचे मुखडे देते.

हेमंत:
दवात भिजली पायवाट अन् अजून कोणी आले नाही

शिशिर:
पान गळूनी गेले तरिही फांदीला ते कळले नाही

तिसरी अडचण पावसाची. वर्षाच्या गाण्यात खरा पाऊस हवा म्हणून खिडकीतून माईक बाहेर धरून चांगली वीस मिनिटं मुद्रित केली. प्रत्यक्षात अंगावर काटा आणणारा पाऊस होता. हेडफोनमध्ये नुसती खरखर, बिघडलेल्या रेडिओसारखी. गाण्याखाली घातली की शब्दही बुडतात.

जाणकारांनी मार्ग दाखवावा. कोणी फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं तरी चालेल.

पहिला प्रतिसाद

बासरीच्या प्रश्नावर सांगतो, कारण ह्याच खड्ड्यात मीही पडलो आहे.

तुमच्या मित्राचं काही चुकलेलं नाही आणि तुमचंही नाही. चूक हवामानाची आहे. हवा तापली की तिच्यातून आवाज जास्त वेगाने जातो. २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ३५ अंशांना सुमारे ३५२ मीटर. बासरीची लांबी मात्र तेवढीच राहते, त्यामुळे तिचा स्वर चढतो. तारेचं नेमकं उलट. धातू तापून सैल पडतो आणि तार उतरते. म्हणून उन्हाळ्यात एकत्र वाजवतानासुद्धा दोघांना सतत एकमेकांकडे कान ठेवावा लागतो. तुम्ही तर एकाला वैशाखात बसवलंत आणि दुसऱ्याला थंडीत.

आता उपाय. बासरीला हात लावू नका! जो थरथराट वाचवायचा आहे त्यावर प्रक्रिया कशाला करायची? गिटार बासरीच्या सुरात लावा.

तो लांब धरलेला स्वर एकटा वाजवून ट्यूनरला ऐकवा आणि काटा किती पुढे जातो ते पाहा. अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट. समजा काटा २८ सेंट पुढे गेला. मग ट्यूनरचा मूळ संदर्भ, म्हणजे ज्या 'ए' स्वरावरून तो बाकीचे स्वर मोजतो तो, ४४० हर्ट्झ असतो तो ४४७ करा. जवळजवळ सगळ्या ट्यूनरमध्ये ही सोय असते, पण तिकडे कोणी फिरकत नाही. त्या संदर्भावर सहाही तारा लावा. तारेवरचा ताण तीन टक्क्यांच्या आसपासच वाढतो, गिटारला काही होत नाही. तानपुऱ्याचं ॲप वापरत असाल तर तेही तेवढंच चढवा, आणि गाताना कानात बासरी मोठी ठेवा. गळा आपोआप तिच्या मागे जातो. तुमच्याकडे पेटी असती तर मात्र पंचाईत होती, कारण तिचे सूर आयत्या वेळी हलवता येत नाहीत.

धागाकर्ती

खूप खूप धन्यवाद! आत्ताच मोजलं. काटा २६ ते २९ मध्ये हलतो आहे, म्हणजे तुम्ही उदाहरणादाखल घेतलेला आकडा जवळपास तंतोतंत निघाला. ४४७ वर तारा लावल्या आणि पहिला कॉर्ड वाजवला तेव्हा बासरी आणि गिटार एकाच खोलीत बसल्यासारखी वाटली. डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते.

एक शंका. खोलीत त्या दिवशी ३६ अंश होते, आज २० आहेत. तुमच्या हिशेबाने फरक २८ पेक्षा बराच जास्त यायला हवा होता ना?

पहिला प्रतिसाद देणारे

कागदावर बरोबर आहे, ४५ ते ५० सेंट यायला हवेत. पण वाजवणाऱ्याची फुंक मुळातच गरम असते. गार दिवसातही बासरीच्या आतली हवा खोलीइतकी गार राहत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष फरक कमी पडतो. म्हणूनच थंडीत बासरीवाले वाजवण्याआधी बासरी फुंकून गरम करून घेतात.

आणि गिटार लाकडी असेल तर एक जोडसूचना. पावसाळ्यात लाकूड दमट होऊन फुगतं, तारा पट्टीपासून उचलल्या जातात आणि बोटं दुखायला लागतात. कोरड्या दिवसांत लाकूड आकसतं. गिटार ठेवायच्या पेटीत आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहील असं पाहा. वर्षभर एकाच वाद्यावर मुद्रण करायचं असेल तर हे टाळता येत नाही.

दुसरा प्रतिसाद

मी वाद्यातली नाही, शब्दांतली आहे. तुमचे दोन्ही मुखडे मोठ्याने म्हणून पाहिले, बोटांवर मात्रा मोजल्या. दोन्हींत आठ-आठ मात्रांचे चार तुकडे. दोन्ही 'नाही' वर संपतात. दोन्हींत कोणीतरी नसतं. वाद्यं बदलून फरक कसा पडेल? सांगाडा एकच आहे. त्यावर कपडे कुठलेही चढवले तरी चालणं तेच राहणार.

शिशिराची ओळ मला फार आवडली. फांदीला न कळणं हे अगदी शिशिराचंच आहे, तिला धक्का लावू नका. बदलायचा तो हेमंत. मला वाटतं तुम्ही हेमंताला शिशिराची धाकटी बहीण समजून लिहिलं आहे. हेमंत ओका नसतो हो. मार्गशीर्ष-पौषात झाडावर पानं असतात, धान्य घरात आलेलं असतं, धुकं दाराशी येऊन थांबतं आणि माणसं आत सरकून बसतात. शिशिरात गेलेल्याची आठवण असते, हेमंतात जवळ असलेल्याची ऊब. 'कोणी आले नाही' ऐवजी कोण आत आहे ते लिहा.

आणि ताल मोडा. आठाच्या चालीतून बाहेर पडून सात मात्रांचा रूपक घेऊन पाहा, तीन-दोन-दोन. त्यात एक किंचित लंगडी, मागे रेलल्यासारखी लय आहे. थंडीत अंग आखडून बसण्याला ती शोभेल.

स्वरांचं म्हणाल तर जुन्या सहा-रागांच्या पद्धतीत श्री हेमंताशी आणि मालकंस शिशिराशी जोडलेला आढळतो. श्रीमध्ये रिषभ आणि धैवत कोमल, मध्यम तीव्र. मालकंसात रिषभ आणि पंचम नाहीतच. तुम्ही राग गायला हवा असं अजिबात म्हणत नाही. पण शिशिराच्या चालीतून पंचम काढून टाकून एकदा म्हणून पाहा. स्वरच गळून पडलेला असतो, पानासारखा.

तिसरा प्रतिसाद

पावसाबद्दल.

मोकळ्यावर धरलेला माईक हजारो थेंब एकदम ऐकतो. ते जाड-बारीक आवाजाच्या सगळ्या पट्ट्यांत एकसारखे पसरतात आणि त्याचीच खरखर होते. आपले कान तिथे उभे असताना निवड करतात, माईक करत नाही. म्हणून पाऊस नको, पाऊस ज्यावर पडतो ती वस्तू मुद्रित करा. रुंद पान, पत्र्याचा तुकडा, अर्धी भरलेली बादली. माईक आडोशाला कोरडा ठेवून त्या वस्तूपासून हातभर अंतरावर धरा. पाण्यात पडणाऱ्या थेंबाचा 'टुप्' असा जो गोड आवाज येतो तो थेंबाचा नसतोच, थेंबामागे पाण्यात कोंडल्या गेलेल्या हवेच्या बुडबुड्याचा असतो. तो पकडायचा तर पाणी काही इंच खोल हवं.

पातळी सर्वांत मोठ्या आवाजाला उणे १२ डेसिबलपर्यंतच जाऊ द्या. मिश्रणात १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. शब्द चालू असताना पावसाचा ३ ते ६ किलोहर्ट्झचा भाग दाबा, कारण आपल्या 'स', 'श', 'च' चा बराचसा धारदारपणा तिथे आणि त्याच्या थोडा वर असतो.

पण माझं खरं मत वेगळं आहे. गाणंभर पाऊस कशाला? इटालियन संगीतकार विवाल्दीच्या 'चार ऋतूं'मध्ये, १७२५ साली छापलेल्या, हिवाळ्याच्या मधल्या भागात बाहेर पाऊस पडतो आहे आणि आत माणूस शेकोटीपाशी निवांत बसला आहे. तो पाऊस म्हणजे फक्त व्हायोलिनच्या तारा बोटांनी छेडलेल्या आहेत. तुमच्याकडे गिटार आहेच. खरा पाऊस सुरुवातीला पाच सेकंद आणि शेवटी, पाऊस थांबल्यावर पन्हळीतून ठिबकतो तेवढाच ठेवा. मधलं काम तारांना करू द्या.

चौथा प्रतिसाद

छोटीशी भर. अल्बमचा क्रम वसंतापासूनच सुरू व्हायला हवा असं नाही. कालिदासाचं 'ऋतुसंहार' ग्रीष्माने सुरू होतं आणि वसंताने संपतं. तुमचं वसंताचं गाणं अजून झालेलं नाही, तर त्याला शेवटी येऊ द्या. आणि एकेक गाणं त्या त्या ऋतूत प्रसिद्ध करायचा विचार असेल तर दक्षिण गोलार्धातल्या श्रोत्यांच्या दारी तेव्हा नेमका उलटा ऋतू असतो, एवढं लक्षात ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस इथे आले नाही, कारण काम करत होते.

दुसऱ्या प्रतिसादातलं वाचून आधी मनाला लागलं. मग वही उघडली, आणि तुम्ही म्हणता ते पहिल्याच ओळीत दिसलं. हेमंताचा मुखडा पूर्ण टाकून दिला. रूपकात हा आला:

दार लोटुन बैसले मी, अंगणाशी धुके आले
एक कंदिल, एक गाणे

दुसरी ओळ मुद्दाम अर्धी ठेवली आहे. उरलेल्या चौदा मात्रा गिटारला दिल्या. काल रात्री कच्चं मुद्रण केलं. त्यात बाहेरचा एक रातकिडा आला आहे, पण त्याची किरकिर उन्हाळ्यातल्यापेक्षा सावकाश आहे. थंडीत ती मंदावते हे माहीत होतं, माझ्याच गाण्यामागे ऐकलं ते पहिल्यांदा. तो काढणार नाही. फक्त अडचण अशी की तो नेमका 'बैसले' च्या 'स' वर बसतो. ओळ त्याच्या किरकिरीच्या फटीत बसवून पुन्हा गावी, की तेवढ्या अक्षरापुरता त्याचा भाग दाबावा?

शिशिरातून पंचम काढला. दोनच ठिकाणी होता. चाल आता तिथे पाय टाकते आणि खाली पायरी नसते. तसंच ठेवते आहे.

पावसासाठी बादली तयार आहे, पाऊस यायला अजून बरेच महिने आहेत. तोवर मधल्या भागासाठी तारा छेडून पाहीन. खोलीत थर्मामीटर टांगला आहे आणि प्रत्येक टेकच्या फाईलच्या नावात आता तापमान लिहिते. कालची 'हेमंत, १९ अंश, टेक ४'.

रातकिड्याबद्दल कोणाला अनुभव असेल तर नक्की सांगा.

तिसरा प्रतिसाद देणारे

गाऊन घ्या. ओळ पाव मात्रा उशिरा उचलली की 'स' त्याच्या दोन किरकिरींच्या मधे पडेल, आणि रूपकात उशिरा उचललेली ओळ चुकीची वाटत नाही. रातकिड्यांची किरकिर बहुधा ४-५ किलोहर्ट्झच्या आसपास असते. तिथे दाबायला गेलात तर तुमचा आवाजही मंद होईल. गाऊन झालं की कोणी न हलता खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवा, रातकिड्यासकट. पुढे कुठे टेक जोडावा लागला तर सांधा त्याखाली झाकता येईल.

धागाकर्ती

आज रात्रीच करते. तो असेल तोवर.