सध्या काय वाचताय, आणि व्यायाम कुठवर आलाय?

दिवाळीचा फराळ संपला, पहाटे गारठा जाणवायला लागला, की व्यायामाचे बेत नव्याने ठरतात. कुणी जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारच्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करतं, कुणी रथसप्तमीपर्यंत अमुक सूर्यनमस्कारांवर यायचं ठरवतं, कुणाला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. मला दोन गोष्टी एकत्रच विचारायच्या आहेत : शरीराचं कोणतं काम हाती घेतलंय, आणि सोबत काय वाचताय? माझं निरीक्षण असं आहे, की ज्यांचा व्यायाम टिकतो त्यांच्या उशाशी बहुधा एक पुस्तक चालू असतं, आणि ते व्यायामावरचं असायलाच हवं असं काही नाही. तुमचं काय, ते जाणून घ्यायची खरंच उत्सुकता आहे.

सुरुवात मीच करते. मला पुढच्या वर्षी साताऱ्याची हिल मॅरेथॉन धावायची आहे. एकवीस किलोमीटर, जाताना यवतेश्वरचा घाट चढायचा आणि येताना तोच उतरायचा. धास्ती सगळे चढाची घेतात, पण मांड्यांचा पिट्ट्या पाडतो तो उतार. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी भारही पेलत असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरायचा म्हटलं की कठडा धरावा लागतो. त्यामुळे सध्या पर्वतीच्या पायऱ्या चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त चाललाय. वाचतेय हारुकी मुराकामींचं धावण्यावरचं आत्मकथन, इंग्रजीतून. टोकियोत जॅझ बार चालवणारा हा माणूस तो बंद करून पूर्णवेळ लेखक होतो आणि १९८२ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी धावायला लागतो. १९९६ मध्ये होक्काइदोतल्या सारोमा सरोवराकाठी शंभर किलोमीटर धावतो. पंचावन्न ते पंचाहत्तर किलोमीटरमधले हाल त्याने लिहिलेत, आणि त्यानंतरची एक पोकळीही लिहिली आहे : शर्यत पुरी होते, पण धावण्याची ओढ ओसरते. हे मी आधी कुठे वाचलं नव्हतं. ध्येय गाठल्यानंतरच्या महिन्यांबद्दल कुणी बोलतच नाही.

ठाणे, वय ५४

माझं एचबीएवनसी गेल्या तपासणीत ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, गोळीचं नंतर बघू, आधी चाला. ही तपासणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, त्यामुळे चार दिवस भात सोडून तिला फसवता येत नाही.

रोज संध्याकाळी तलावपाळीला फेऱ्या घालते. घरात सगळ्यांच्या तोंडी दहा हजार पावलं. मुलीने सांगितलं, की हा आकडा जपानमधून आला. १९६५ मध्ये तिथे पावलं मोजायचं एक यंत्र निघालं, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचं मापक’. तेव्हापासून मी पावलांचा हिशेब सोडला आणि वेळ बघून चालते. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं, हे जागतिक आरोग्य संघटनेचं किमान माप. ते माझं भरतं.

वाचतेय डॉ. अभय बंगांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’. पुस्तक २००० सालचं, घरात तेव्हापासून होतं, यजमानांनी वाचलं होतं, मी नव्हतं. गडचिरोलीत लोकांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या डॉक्टरांना ऐन चव्वेचाळिशीत हृदयविकाराचा झटका येतो आणि ते स्वतःलाच रुग्ण म्हणून तपासायला बसतात. खाणं, व्यायाम, राग, घाई, एकेक करून. रागाबद्दलचं वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते. चालताना मात्र कानात पुलं हवेत. ‘बटाट्याची चाळ’मधला ‘उपास’ ऐकत फेरी कधी पुरी होते, कळत नाही. पानं उलटायचं पुस्तक घरी, ऐकायचं पुस्तक रस्त्यावर, अशी वाटणी मला चांगली लागू पडली आहे.

नाशिक, निवृत्त शिक्षक

ताई, तुमची वाटणी पटली. माझी थोडी निराळी आहे. पहाटे आधी सूर्यनमस्कार, अंग निवलं की दासबोधाचा एक समास. वीस दशक, प्रत्येकात दहा समास, म्हणजे एकूण दोनशे. रोज एकच, कितीही गोडी लागली तरी दुसरा नाही. नमस्कारांनाही हाच नियम लावलाय. आज अंग हलकं आहे म्हणून चार जास्त घातले, की उद्या कंबर धरते, आणि मग परवा सुट्टी. बाराव्या दशकातला ‘यत्न शिकवण’ हा समास मी वर्गात मुलांना शिकवला, पण साठीनंतर गुडघे वाकवताना तो जास्त कळला.

औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींचं नाव आजच्या मुलांना ठाऊक नसतं याचं वाईट वाटतं. आपल्या संस्थानातल्या शाळाशाळांत त्यांनी सूर्यनमस्कार नेले, त्यावर लिहिलं, आणि १९३८ मध्ये लंडनहून त्यांचं इंग्रजी पुस्तकही निघालं. त्यांच्या पद्धतीत एका नमस्कारात दहा अंक, म्हणजे दहा स्थिती आहेत, आता सर्रास बारा अंकांचे घालतात. मी दहाचेच घालतो. वडिलांनी तसेच शिकवले.

परभणी, पोलीस भरतीची तयारी

सगळ्यांना नमस्कार. माझं ध्येय सरळ आहे : भरती. मैदानी ५० गुण, लेखी १०० गुण. आम्हा मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मुलांना ८०० च्या जागी १६००. लेखीत मराठी, गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान. त्यामुळे आमच्याकडे वाचन आणि व्यायाम वेगळे नाहीतच, दोन्ही एकाच निकालात मोजले जातात.

पहाटे पाचला आम्ही पाच-सहाजणी मैदानावर असतो. आधी हळूहळू फेऱ्या. त्या फेऱ्यांत आमचा एक खेळ असतो. वाळंब्यांचं व्याकरण रात्री वाचलेलं असतं, त्यातलं एकमेकींना विचारायचं. एक म्हणते ‘यथाशक्ती’, दुसरीने पळता पळता सांगायचं, ‘अव्ययीभाव’. ‘पंचवटी?’ ‘द्विगू.’ ‘नीलकंठ?’ ‘बहुव्रीही.’ आमचे सर म्हणतात, उत्तर देताना धाप लागली तर वेग जास्त आहे, कमी करा. सरावाच्या फेऱ्या बोलता येईल एवढ्याच वेगाने मारायच्या, त्यानेच दम वाढतो. जोरात पळायचे दिवस वेगळे, त्या दिवशी कुणी कुणाला काही विचारत नाही.

गोळ्यात मी कच्ची होते. सगळा जोर हातातून लावायचे. सरांनी दाखवलं, की गोळा मानेला टेकवून ठेवायचा, कोपर खाली पडू द्यायचं नाही आणि ढकलायला सुरुवात पायातून करायची. मागचा पाय जमिनीला रेटला, की कंबर फिरते, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी. आता गोळा बऱ्यापैकी लांब जातो.

परीक्षेचं सोडून स्वतःसाठी म्हणून अभ्यासिकेतून अण्णा भाऊ साठेंची ‘फकिरा’ आणली आहे. १९५९ ची कादंबरी. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे. दिवसभर तारखा आणि कलमं पाठ करून डोकं बधिर होतं, रात्री तिची थोडी पानं वाचली की पुन्हा माणसांत आल्यासारखं वाटतं. दुष्काळात लोक जगवायला निघालेला फकिरा वाचताना मला आमच्या गावची माणसं दिसतात. मैत्रीण म्हणते, परीक्षेनंतर वाच. पण परीक्षा तर लांबतेच, पुस्तक कशाला लांबवू?

कोल्हापूर

परभणीच्या लेकी, शाब्बास. गोळ्याचं वर्णन वाचून बरं वाटलं, कुस्तीतही जोर पायातूनच येतो.

मी पूर्वी तालमीत होतो. कुस्ती सुटली की पैलवानाचं खरं संकट सुरू होतं : मेहनत थांबते, खुराक थांबत नाही. दूध, तूप, थंडाईची जिभेला सवय झालेली असते, भूक तेवढीच राहते आणि वजन बघता बघता चढतं. आमच्या बरोबरीच्या कितीतरी गड्यांना त्यातून रक्तदाब आणि साखर लागली. माझं ध्येय वजन उतरवणं एवढंच आहे. पुन्हा जोर-बैठका सुरू केल्यात, वयाला झेपतील तेवढ्या. दूध अर्ध्यावर आणलंय, तूप वाटीवरून चमच्यावर.

एका बाबतीत माझं मत निराळं आहे, ते सांगतो. व्यायाम करताना कानात काही नको. जोर मारताना खाली जाताना श्वास कुठे, वर येताना कुठे, पाठ वाकली का, यावर ध्यान पाहिजे. तालमीत वस्ताद बोलू द्यायचे नाहीत ते याच्यासाठी. चालताना ऐकणं ठीक, ठाण्याच्या ताईंना माझी हरकत नाही. पण वजन उचलताना, बैठका मारताना ऐकू नये असं मला मनापासून वाटतं.

वाचन दुपारी. धनंजय कीरांनी लिहिलेलं शाहू महाराजांचं चरित्र चाललंय. पुस्तक जाडजूड आहे, घाईने वाचायचं नाही. १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम काढणारा आणि १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं करणारा राजा एकच, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. पण दोन्हींमागचा विचार एक होता, हे वाचताना उलगडतंय. आखाड्यात उतरलेल्याची जात कुणी विचारू नये, ही त्यांची धडपड आम्ही तालमीत जगलो आणि आम्हाला त्याचं नावही माहीत नव्हतं.

एडमंटन, कॅनडा

इथे हिवाळ्यात उणे तिशीपर्यंत जातं, त्यामुळे ट्रेडमिलच. चढ वाढवून हळू चालते, समोर किंडलवर अक्षरं मोठी करून वाचते. पळताना वाचता येत नाही, ओळी नाचतात आणि तोल जातो, कुणी नादी लागू नका. ध्येय : पुढच्या डिसेंबरात भारतात येऊन राजगडाचा बालेकिल्ला, तोही बाबांबरोबर. त्यासाठी गो. नी. दांडेकरांची ‘दुर्गभ्रमणगाथा’ माहेरून मागवली आहे. ती मात्र कागदाची, म्हणून झोपताना वाचते. राजगडावर त्यांचा जीव होता, ते ओळीओळीत जाणवतं. पद्मावती, सुवेळा, संजीवनी, तिन्ही माच्या डोळ्यांपुढे येतात आणि दुसऱ्या दिवशी ट्रेडमिलचा चढ एकाने वाढवावासा वाटतो.

पुणे, वारीची तयारी

आषाढीला वेळ आहे, पण मी आतापासून चालतेय. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. माउलींच्या पालखीचा सगळ्यात अवघड टप्पा पुणे ते सासवड. एका दिवसात तीसेक किलोमीटर आणि मध्ये दिवे घाट, जिथे रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. ओळखीतल्या वारकरी मावशींनी पहिली गोष्ट सांगितली ती बुटांची : नवे बूट वारीत घालू नकोस, आत्ता घे आणि पावसाळ्यापर्यंत झिजव. दुसरी : ओला मोजा लगेच बदल, फोड तिथेच येतो.

दि. बा. मोकाशींचं ‘पालखी’ दुसऱ्यांदा वाचतेय. भक्त म्हणून नव्हे, तर लेखक म्हणून ते वारीबरोबर चालले. शंका, कुतूहल, थकवा सगळं त्यांनी प्रामाणिकपणे टिपलंय. सोबत इरावती कर्व्यांचा ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा लेख. एकाच दिंडीत अभंग म्हणणाऱ्या बायका जेवायला मात्र जातीजातीने वेगळ्या बसतात, हे त्यांना बोचतं, आणि त्या ते लपवत नाहीत. कोल्हापूरच्या काकांनी आखाड्याबद्दल लिहिलं ते वाचून हेच आठवलं. मी श्रद्धेने जाणार आहे, पण डोळे उघडे ठेवून जाता येतं हे या दोघांनी दाखवलं.

जळगाव, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर

तुम्ही सगळे मैलोन्‌मैल चालताय. माझं ध्येय स्वयंपाकघरातल्या खालच्या कप्प्यातून कुकर काढता येणं. त्यासाठी गुडघा पुरता वाकायला हवा आणि मांडीत जोर हवा. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाबायचा, दहा आकडे धरायचा, सोडायचा. मग पाय सरळ उचलायचा. मध्ये थोडी विश्रांती. त्या विश्रांतीत बहिणाबाईंची एक कविता. पुस्तक पलंगावर उघडंच पडलेलं असतं.

बहिणाबाई आमच्या आसोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे गाणी ओठांवरच राहिली, आणि त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघालं. शेतात, चुलीपुढे, जात्यावर बसून रचलेल्या ओव्या आहेत या. त्यांच्या लयीत अंग कष्टत असतं. ‘घरोट’ मी मोठ्याने म्हणते आणि त्या तालावर पाय उचलते, दहा आकडे मोजायची गरज पडत नाही. फिजिओथेरपिस्ट मुलगी पुण्याची आहे, तिला आमची लेवा बोली नवीन. ती म्हणते, मावशी, आता पुढचं कडवं.

मला एक विचारायचं आहे. मोठ्या टाइपात छापलेलं, वजनाला हलकं असं मराठी प्रवासवर्णन कुणी सुचवेल का? पडून वाचताना जड पुस्तक हातात धरवत नाही.

नाशिक

ताई, भारती ठाकूर यांचं नर्मदा परिक्रमेवरचं पुस्तक बघा. टाइपाचं आधी ग्रंथालयात पाहून घ्या. पायी परिक्रमेचं वर्णन आहे, भागाभागाने वाचलं तरी चालतं. माझी प्रत मिसेसकडे आहे, तिचं संपलं की पोस्टाने पाठवतो.