इंटरव्हलमधली विश्रांती घड्याळाने मोजावी की नाडीने?

नमस्कार. मी पणजीत राहतो आणि हिवाळ्यातल्या अर्धमॅरेथॉनची तयारी आतापासून करतो आहे. हाती असलेल्या सरावाच्या तक्त्यात एके दिवशी ८०० मीटरच्या सहा फेऱ्या आणि प्रत्येक फेरीनंतर ४०० मीटर जॉग असे इंटरव्हल (वेगात पळणे आणि मध्ये ठरावीक विश्रांती) आहेत, तर दुसऱ्या दिवशी २०० मीटरच्या आठ रेपिटिशन (वेगाने पळण्याच्या पुनरावृत्ती) आणि मध्ये ‘पूर्ण रिकव्हरी’. पहिल्या प्रकारात हृदयावरचा ताण टिकून राहावा म्हणून विश्रांती मुद्दाम अपुरी ठेवतात आणि दुसऱ्यात वेग न ढळता पळता यावे म्हणून ती भरपूर देतात, इथवर स्पष्ट आहे. अडचण ती मोजण्याची आहे.

१९३० च्या दशकात जर्मनीत फ्रायबुर्ग येथे प्रशिक्षक गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ राइनडेल यांनी इंटरव्हलची ही पद्धत बसवली, तेव्हा हृदयाचे ठोके मिनिटाला १८० च्या आसपास न्यावेत आणि ते ९० सेकंदांत १२० पर्यंत उतरले नाहीत तर सराव झेपत नाही असे समजावे, हा त्यांचा दंडक होता. मे महिन्यात बांबोळीच्या ट्रॅकवर, मोजे पिळून काढावेत इतका घाम येत असताना, हा दंडक पाळायचा कसा? दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड करण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि श्वास जागेवर आला तरी ठोके १४० च्या खाली यायला तयार नसतात. नाडीची वाट पाहावी तर इंटरव्हलचा हेतूच निसटतो. घड्याळ पाहून निघावे तर शेवटच्या दोन फेऱ्यांत वेग कोसळतो. अशा वेळी विश्रांती वाढवावी, की वेग आधीच कमी धरावा?

दुसरी शंका अशी की, हलक्या जॉगने रक्तातले लॅक्टेट (जोरात पळताना स्नायूंत तयार होणारे द्रव्य) लवकर उतरते हे मान्य असले, तरी २०० मीटरनंतर चालणे किंवा उभे राहणे अधिक योग्य ना? मात्र या उकाड्यात एकदम थांबले की डोळ्यांपुढे अंधारी येते.

शिवाय सरावानंतर मिरामारच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभे राहण्याचा सल्ला अनेक जण देतात. खेळाडू ज्यात बसतात त्या बर्फ घालून थंड केलेल्या पाण्याचे तापमान साधारण १० ते १५ अंश सेल्सिअस असते आणि आपला समुद्र उन्हाळ्यात चांगला कोमट असतो, त्यामुळे पोटऱ्यांना बरे वाटण्यापलीकडे याचा काही उपयोग होतो का?

किनारपट्टीवर नियमित सराव करणाऱ्यांनी किंवा करवून घेणाऱ्यांनी उत्तर दिल्यास विशेष उपयोग होईल, कारण थंड हवेतले आकडे इथे लागू पडताना दिसत नाहीत.