ब्रेन इम्प्लांटच्या चाचणीत प्राणी नेमका कशाने दगावतो?

वायरवाला
मेंदूत बसवायची चिप बनवणाऱ्या न्यूरालिंक कंपनीच्या माकडांवरून दोन टोकांचं वाचायला मिळतं. एकीकडे 'चिपने माकडं मारली', दुसरीकडे 'सगळं नियमात झालं'. जाणकारांनी सांगा, प्राणी जातो तो इलेक्ट्रोडने, शस्त्रक्रियेने की घाईने? आणि मेंढीपर्यंत जायच्या आधी प्रयोगशाळेच्या टेबलावर, प्राण्याशिवाय, काय काय उरकून घेता येतं? प्रयोग हवेत की नकोत हा वाद इथे नको, त्यावर वेगळा धागा काढू.

कवटीचं_गणित
कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतः दिलेला हिशेब असा: डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आठ माकडांना दयामरण दिलं. दोघांना ठरल्या तारखेला, मेंदूचे काप तपासण्यासाठी. सहांना पशुवैद्यांच्या सल्ल्याने: चार संशयित जंतुसंसर्ग, एक उपकरणाचा बिघाड, एक शस्त्रक्रियेतली गुंतागुंत.

या शेवटच्या एकाकडे नीट बघा. कवटीत राहिलेली फट बुजवायला बायोग्लू वापरला होता. गुरांच्या रक्तातलं अल्ब्युमिन आणि ग्लुटराल्डिहाइड यांचं हे मिश्रण मोठ्या रक्तवाहिन्यांच्या टाक्यांमधली गळती थांबवायला उत्तम. पण ग्लुटराल्डिहाइड म्हणजे प्रयोगशाळेत ऊती 'पक्की' करायला वापरतात तेच रसायन. जिवंत मेंदूला लागलं की तिथेही तेच करतं. 'एफडीए-मान्य' (अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने मान्य केलेला) हे शब्द खरे, पण ती मान्यता रक्तवाहिन्यांसाठी होती, मेंदूसाठी नव्हे. आणि मंजूर प्रोटोकॉलमध्येही हा ग्लू नव्हता. म्हणजे हा जीव चिपने नव्हे, फटीत भरलेल्या लांबीने गेला.

इलेक्ट्रोडचं स्वतःचं अपयश बघायचं तर २०१३ चा ऱ्हीसस माकडांवरचा अभ्यास वाचा. २७ माकडं, ७८ सिलिकॉन अ‍ॅरे (मेंदूत रोवायच्या इलेक्ट्रोडच्या सुयांची पट्टी). त्यातले ६२ पूर्ण बंद पडले, निम्म्याहून जास्त वर्षाच्या आत. सर्वांत मोठा गट यांत्रिक बिघाडांचा, ४८ टक्के, आणि त्यातही बहुतेक दोष कनेक्टरचा. जैविक कारणं २४ टक्के. त्यात मेंदूवरचं आवरण जाड होत जाऊन अ‍ॅरेला हळूहळू वर ढकलतं, हे सर्वांत जास्त.

मेंढीची_भूल
वर म्हटलंय त्यात भर: बरीच संकटं भोक पाडतानाच सुरू होतात. ड्रिल करताना सलाइनची धार सतत हवी. हाड ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तरी मरतं. त्या दिवशी काहीच दिसत नाही. काही आठवड्यांनी स्क्रू हलायला लागतो, फटीत ओल साचते, मग पू. अहवालात लिहिलं जातं 'इम्प्लांटचं इन्फेक्शन'.

कातडी क्लोरहेक्सिडीनने धुणार असाल तर ते उघड्या ड्युरापर्यंत (मेंदूवरच्या आवरणापर्यंत) अजिबात जाता कामा नये, चेतापेशींना ते विषारी आहे. मेंढी रवंथ करणारी, म्हणून साधारण दिवसभर उपाशी ठेवली तरी भुलेत पोटातलं वर येतं. श्वासनळीत फुगा असलेली नळी, पोटात जाड नळी, आणि तोंड घशापेक्षा खाली. डुकरात वेगळीच मेख: प्रौढ डुकराचं फ्रंटल सायनस (कपाळाच्या हाडातली पोकळी) मेंदूच्या वर पसरलेलं असतं, समोरून ड्रिल केलं की थेट त्यात घुसतं. सायनस उघडलं की निर्जंतुकपणा संपला.

आणि मेंढी दुखणं लपवते. ओरडणार नाही. कान मागे, दात खाणं, चाऱ्याकडे पाठ, एवढंच दिसेल. शस्त्रक्रियेनंतर तिला एकटी ठेवू नका. दुसरी मेंढी नजरेसमोर नसेल तर ती भीतीनेच खाणं सोडते, आणि तुम्ही ते दुखण्याच्या खात्यात मांडता.

खारं_पाणी
टेबलावरचं बोलतो. मिठाच्या बफरमध्ये (शरीरातल्या द्रवासारख्या खाऱ्या पाण्यात) ६७ अंशांवर ठेवलेलं उपकरण ३७ च्या मानाने अंदाजे आठपट वेगाने जुनं होतं, म्हणजे ४६ दिवसांत वर्षभराचं. दर १० अंशांना दुप्पट, या ढोबळ नियमावरचा हिशेब आहे. कोटिंगचं पॉलिमर त्या तापमानाला वेगळं वागत असेल तर तो फसतो. तरी सील आणि कनेक्टरची गळती इथेच पकडली जाते. तीच पकडायला माकड खर्च करणं अक्षम्य.

इलेक्ट्रोडची सुई किंवा धागा घुसवण्याचा सराव ०.६ टक्के अगारोजच्या जेलमध्ये करा, कडकपणा मेंदूच्या जवळ जातो. उष्णतेची मर्यादा: उपकरणाचा पृष्ठभाग ३७ च्या वर २ अंशांपेक्षा जास्त तापू नये. मेंढीचं तापमान मुळातच ३९ च्या आसपास, त्यामुळे तिच्यात नुसता आकडा नव्हे, फरक मोजा.

उलट_तपासणी
वरचं सगळं मान्य, पण यातून 'चिप निर्दोष' असा अर्थ काढू नका. फट का राहिली? संसर्ग कातडीतून बाहेर येणाऱ्या कनेक्टरमुळे झाला, असं म्हणाल तर तो कनेक्टर डिझाइनचाच भाग.

घाईबद्दल: रॉयटर्सने डिसेंबर २०२२ मध्ये दिलेल्या बातमीनुसार न्यूरालिंकच्या ६० पैकी २५ डुकरांमध्ये चुकीच्या मापाचं उपकरण बसवलं गेलं. हा विज्ञानाचा प्रश्नच नाही. टेबलावर व्हर्नियर कॅलिपर आणि शस्त्रक्रियेआधी माप मोठ्याने वाचून दाखवणारा दुसरा माणूस, एवढ्याने टळतं. अशा मृत्यूंतून काहीच शिकायला मिळत नाही, म्हणून माझ्या लेखी ते सर्वांत वाईट. दुसरीकडे अमेरिकेच्या प्राणी कल्याण कायद्यात प्रयोगासाठी पैदास केलेले उंदीर-घुशी धरलेलेच नाहीत. 'उल्लंघन आढळलं नाही' हे वाक्य वाचताना ते डोक्यात ठेवा.

शिवाय माकडाचा मेंदू साधारण ९० ग्रॅम, आपला तेराशेच्या पुढे. आपला कवटीत हलतोही जास्त. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंकने पहिल्या माणसात बसवलेले बरेच इलेक्ट्रोडचे धागे काही आठवड्यांत मागे सरकले.

वायरवाला
धन्यवाद. मग भारतात मेंढीसाठी अर्ज करताना संख्या कशी मांडायची?

उलट_तपासणी
संस्थेच्या आयएईसीकडून (प्राणी नैतिकता समितीकडून) अर्ज पुढे सीसीएसईएकडे, म्हणजे प्राणी प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीकडे जातो, मोठ्या प्राण्यांना संस्थेची मंजुरी पुरत नाही. 'सहा मेंढ्या' असा नुसता आकडा लिहू नका. प्रत्येक मेंढीपुढे तिच्याकडून मिळणारं उत्तर लिहा, आणि काय दिसलं की प्रयोग तिथेच थांबवणार तेही. जिच्यापुढे ओळ रिकामी राहील, ती मेंढी यादीतून काढा.

मेंढीची_भूल
आणि वापरणार ते प्रत्येक रसायन अर्जात लिहा. रक्त थांबवायला हाडावर लावतात ते मेणसुद्धा.