कोयनेचे धक्के: पाण्याचं वजन की भेगांतला दाब?

कातळवाट
कोयना धरणाजवळ, पाटणकडे धक्का बसला की ठरलेलं वाक्य कानावर येतं, "एवढ्या पाण्याच्या वजनानं जमीन दबते." हा समज आता सोडायला हवा. पाच-सात किलोमीटर खालच्या कातळावर आधीच जे ओझं आहे, त्यापुढे तलावाचं वजन किरकोळ. खरं कारण भेगांतल्या पाण्यात आहे. भ्रंशाच्या, म्हणजे कातळातल्या मोठ्या भेगेच्या, दोन बाजू प्रचंड दाबाखाली एकमेकींना धरून बसलेल्या असतात. भेगांतलं पाणी त्यांना आतून ढकलतं, पकड सैल होते आणि ताणलेला कातळ सरकतो. तलावाचं पाणी स्वतः तिथवर पोचावंच लागतं असं नाही, खालच्या पाणीभरल्या भेगांमधून दाब उतरत जातो. त्याला वेळ लागतो. तलाव ऑगस्टमध्ये भरत येतो, धक्के सप्टेंबरात आणि पुन्हा डिसेंबरात वाढतात. 1967 चा 6.3 चा भूकंपही 11 डिसेंबरचा.

भूगोलवाला
"धरणामुळे" हा शब्दच मला पटत नाही. पाणी 1962 पासून साठलं, भूकंपमापक 1963 मध्ये बसले. आधी तिथे काय चालू होतं याची नोंदच नाही. किल्लारीला 1993 मध्ये कोयनेएवढं धरण नव्हतं, तरी हजारो माणसं गेली.

कातळवाट
ताण भूपट्टाचाच, पाणी फक्त वेळ ठरवतं. पण साठ वर्षं धक्के साधारण 20 बाय 30 किलोमीटरच्या पट्ट्यातच का? 1985 मध्ये वारणेचं धरण भरायला लागलं आणि 1993 च्या सुमारास हालचाल दक्षिणेला, वारणेकडे का सरकली? नोंद नाही म्हणून एवढं सगळं योगायोग ठरत नाही. कोयनेजवळच्या गोठण्याला 2017 मध्ये अभ्यासासाठी 3 किलोमीटर खोल छिद्र पाडलं, तेव्हा सव्वा किलोमीटर बेसाल्टखाली ग्रॅनाइट लागला, तोही भेगाळलेला. दाबाला वाट आहे.

आणि भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्तांनी 1983 मध्येच दाखवलंय की पाच रिश्टरवरचे धक्के बसले तेव्हा तलाव आठवड्याला 12 मीटरहून वेगानं चढलेला होता. तेवढ्यानं भूकंप होतोच असं नाही, पण वेग आवरायला काय हरकत आहे?

कृष्णाकाठ
हरकत मला आहे, मी सांगलीत राहतो. जुलैत घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असताना तलाव सावकाश भरायचा म्हणजे दारं उघडायची, आणि ते पाणी कराडवरून आमच्या घरात येतं. 2019 चा ऑगस्ट आम्ही गच्चीवर काढला. कधीतरी येणाऱ्या भूकंपासाठी दरसालचा पूर अंगावर घ्यायचा?

कातळवाट
भरण्याबाबत तुमचं बरोबर आहे, ते मी नीट तोललं नव्हतं. पण तलाव उतरतानाही धक्के वाढतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये. तो वेग तर आपल्या हातात आहे.

कृष्णाकाठ
उतरवण्याचा वेग आवरा, मी तुमच्या बाजूनं आहे. भरण्याच्या वेगासाठी पावसाळ्यात एक दार जरी उघडायचं म्हणालात तर विरोध करणार.